उत्तर क्रमांक पाच

(शाळेच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. वक्त्या १९९६च्या दहावीच्या तुकडीतील माजी विद्यार्थिनी असून पुण्यात सॉफ्टवेअर अभियंता आहेत.)

व्यासपीठावर बसलेले आमचे सगळे सर आणि बाई, आणि माझ्या वर्गमित्र-मैत्रिणींनो,

आयोजकांनी मला ‘एआय आणि आपली मुलं’ या विषयावर बोलायला सांगितलं होतं. मी विषय बदलून मागितला आणि त्यांनी तो दिला, त्याबद्दल त्यांचे आभार. मुलांवर बोलणारे पुष्कळ आहेत. पण आज जेवताना मी ऐकत होते. पहिली दहा मिनिटं शाळेच्या आठवणी झाल्या, आणि नंतर जवळजवळ प्रत्येक टेबलावर एकच प्रश्न होता : “तुझे आईबाबा आता कुणाकडे असतात?” आपण पंचेचाळिशीत आलो, त्याची ही खूण. म्हणून मी आज वृद्धाश्रमाबद्दल बोलणार आहे. घाबरू नका, वृद्धाश्रम चांगला की वाईट, मुलं कृतघ्न की सुना, असलं काही मी बोलणार नाही. माझा प्रश्न फार लहान आहे. तिथे राहणारा माणूस सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत स्वतः काय काय करतो?

हा प्रश्न मला माझ्या नोकरीमुळे पडला. मी ज्या कंपनीत आहे ती अमेरिकेतल्या नर्सिंग होमसाठी सॉफ्टवेअर तयार करते. तिकडे सरकारी विम्याचे पैसे घेणाऱ्या प्रत्येक नर्सिंग होमला तिथे राहणाऱ्यांविषयी एक लांबलचक फॉर्म भरावा लागतो. त्याचं नाव ‘मिनिमम डेटा सेट’. रक्तदाब, औषधं, जखमा, पडणं, सगळं त्यात असतं. २०१० साली त्याची तिसरी आवृत्ती लागू झाली आणि तिच्यात १६ प्रश्नांचा एक भाग आला. हे प्रश्न नर्सला विचारायचे नाहीत, तर शक्य असेल तर त्या माणसालाच विचारायचे. तुम्ही इथे असताना कोणते कपडे घालायचे हे स्वतः ठरवणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं? स्वतःच्या वस्तूंची काळजी स्वतः घेणं? झोपायची वेळ स्वतः ठरवणं? वस्तू कुलपात ठेवता येणं? वाचायला मिळणं, आवडीचं संगीत ऐकणं, प्राण्यांच्या सहवासात असणं, चार लोकांत मिळून काही करणं, मोकळ्या हवेत जाणं, आपल्या धर्मातल्या प्रार्थनेला जाणं?

उत्तरं ठरलेली आहेत. एक : फार महत्त्वाचं. दोन : थोडंफार महत्त्वाचं. तीन : फारसं नाही. चार : अजिबात नाही. मला वाटलं होतं यादी इथे संपेल. पण पाचवं उत्तर आहे : “महत्त्वाचं आहे, पण करता येत नाही किंवा पर्याय नाही.” ज्या कुणी हा पाचवा पर्याय लिहिला त्याने वृद्धाश्रमात बराच वेळ बसून माणसं ऐकली असणार.

आता माझी आत्या. तुमच्यापैकी काहींनी तिला पाहिलंय, कारण आपल्या गॅदरिंगचे कपडे ती शिवून द्यायची. चाळीस वर्षं तिने शिवणाचा क्लास चालवला. लग्न केलं नाही. आज ती ८१ वर्षांची आहे आणि तीन वर्षांपासून पुण्याजवळच्या एका वृद्धाश्रमात राहते. तिने स्वतः तो निवडला, स्वतःच्या पैशांनी. संस्था चांगली आहे. जेवण गरम असतं, चादरी स्वच्छ असतात, डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात. पहिली दोन वर्षं सगळं ठीक होतं. मग ती पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला, आणि आंघोळीला मदत लागू लागली.

तीन-चार महिन्यांनी एका रविवारी मी गेले तेव्हा फॉर्ममधले ते १६ प्रश्न मराठीत करून तिला विचारले. चाचणी म्हणून नव्हे, गप्पा म्हणूनच. प्राण्यांचा प्रश्न आला तर म्हणाली, “मांजर नको बाई, ताटात तोंड घालतं.” म्हणजे उत्तर क्रमांक चार. झोपायच्या वेळेवर म्हणाली, “साडेआठला दिवे घालवतात. अकराच्या आत मी आयुष्यात झोपले नाही. पडून राहते अंधारात.” उत्तर पाच. कुलपाचं विचारलं तर म्हणाली, “ट्रंकेची किल्ली ऑफिसात आहे. हरवेल म्हणून ठेवून घेतली.” उत्तर पाच. कपड्यांचं विचारलं तेव्हा काही बोललीच नाही. नुसती ब्लाउजकडे बघत राहिली. मग म्हणाली, “हुकं मावशी लावतात. मला वेळ लागतो ना.” १६ पैकी सात प्रश्नांना तिचं उत्तर पाच होतं.

मित्रांनो, त्या बाईने आयुष्यात किती हजार हुकं शिवली असतील त्याचा हिशेब नाही. आणि आता तिच्या पाठीमागून कुणीतरी अर्ध्या मिनिटात तिची हुकं लावून मोकळं होत होतं. मी तिला म्हटलं, “आत्ता लावून दाखव बघू.” तिने प्रयत्न केला. जमलं नाही. मोडला होता खुबा. बोटांना काहीच झालं नव्हतं.

हे का होतं, यावर बरंच काम झालेलं आहे. १९६३ साली सिडनी कॅट्झ या अमेरिकन डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाचं स्वावलंबन मोजायला सहा गोष्टींची यादी केली : आंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, बिछान्यावरून उठून खुर्चीत बसणं, मलमूत्रावर ताबा, आणि स्वतःच्या हाताने जेवणं. जगभरचे डॉक्टर आजही ही यादी वापरतात. यादी उत्तम आहे. पण वापरताना एक गल्लत सहज होते. “ती कपडे घालू शकते का?” आणि “तिला कपडे घालू देतात का?” हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि रकाना एकच असतो.

मार्गरेट बाल्टेस या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी वृद्धाश्रमांत बसून नुसतं निरीक्षण केलं. वृद्ध माणूस काही करतो तेव्हा शेजारचा कर्मचारी काय करतो? त्यांना दिसलं ते असं : आजींनी मदत मागितली, हात पुढे केला, असहाय्य दिसल्या, की लगेच कुणीतरी येतं, बोलतं, जवळ बसतं. आजी स्वतःहून मोजा घालत असतील तर कुणी लक्ष देत नाही. म्हणजे दिवसभरात माणसाचा सहवास मिळवायचा खात्रीचा मार्ग कोणता, तर असहाय्य होणं. यात कुणी दुष्ट नाही. सगळे प्रेमानेच वागतात.

शरीराचा हिशेबही कडक आहे. साठीच्या पुढच्या निरोगी माणसांना दहा दिवस अंथरुणावर झोपवून ठेवल्याचा एक प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. दहा दिवसांत त्यांच्या पायांतलं जवळपास एक किलो स्नायूंचं वजन गेलं होतं. निरोगी माणसांचं हे, बरं का. “तुम्ही आराम करा” हे वाक्य आपण फार स्वस्तात वापरतो.

आणखी एक प्रयोग बराच गाजलेला आहे. १९७६ साली एलन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन यांनी अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या एका नर्सिंग होममधल्या ९१ जणांचे दोन गट पाहिले. एका गटाला सांगितलं, खोली कशी लावायची, वेळ कसा घालवायचा ते तुम्ही ठरवा. आणि हे रोप तुमचं, काळजी तुम्हीच घ्यायची. दुसऱ्या गटालाही रोप दिलं, पण पाणी नर्स घालणार होती. तीन आठवड्यांत पहिला गट जास्त सतर्क, जास्त आनंदी दिसला. १८ महिन्यांनी पाहिलं तर पहिल्या गटातले ४७ पैकी सात वारले होते, दुसऱ्यातले ४४ पैकी १३. आमच्या गणिताच्या बाई समोर बसल्या आहेत म्हणून पुढचंही सांगते : मृत्यूंच्या या फरकाबाबत त्या संशोधिकांनी नंतर स्वतःच दुरुस्ती छापली, की संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो जेमतेमच टिकतो. त्यामुळे रोपाला पाणी घातलं की आयुष्य वाढतं, असं मी म्हणणार नाही. पण जगण्याची चव बदलते हे मला पटतं, आणि तेवढं मला पुरे आहे.

तुम्ही म्हणाल, वृद्धाश्रमांत कार्यक्रम तर असतात की. असतात. आत्याच्या इथे भजन आहे, हास्यक्लब आहे, वाढदिवसाला केक कापायला लोक येतात, दिवाळीत शाळेची मुलं नाच करून जातात. सगळ्याची नोंद रजिस्टरात असते : उपस्थिती २८. मी त्या २८ जणांत बसले आहे. त्यातले आठ झोपलेले होते आणि दोघांना खोलीत परत जायचं होतं, पण चाकाची खुर्ची ढकलायला कुणी नव्हतं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे नीट कळतं. जे मोजायला सोपं तेच मोजलं जातं, आणि हळूहळू तेच खरं वाटायला लागतं. हजेरी म्हणजे सहभाग नव्हे, हे आपल्या सरांना आपल्यामुळेच चांगलं ठाऊक आहे!

आपल्या वर्गात आठवतंय का, फळ्यावर सुविचार लिहिणारा एक, डस्टर झटकणारा एक, खडू आणणारी एक, हजेरीपट पोचवणारी एक. आठवड्याला पाळी बदलायची. बाईंना ती कामं स्वतः करायला दोन मिनिटं लागली असती. आपण ती करायला दहा मिनिटं घ्यायचो आणि खडू सांडायचो. तरी त्यांनी ती आपल्यालाच दिली. वर्ग आपला वाटायचा त्याचं बरंचसं कारण ते डस्टर होतं.

कार्यक्रमात माणूस पाहुणा असतो. कामात तो त्या घरातला असतो. हा फरक मनात धरून मी व्यवस्थापकांकडे गेले.

आता त्यांची बाजू ऐका, कारण ती खरी आहे. ते म्हणाले, “मॅडम, एका मावशीकडे नऊ आज्या. साडेपाचला आंघोळी सुरू होतात, साडेसातला नाश्ता. एकीला बारा मिनिटं. प्रत्येकीला स्वतः कपडे घालू दिले तर सात-सात मिनिटं वाढतात. नाश्ता कधी द्यायचा?” मी वहीत मांडलं. नऊ गुणिले बारा, १०८ मिनिटं, म्हणजे सात वाजून अठरा. त्यात नऊ साते ६३ मिळवा, आठ एकवीस. त्यांचं गणित बरोबर होतं. आणि दुसरी गोष्ट ते म्हणाले, जी जास्त खरी होती : “त्या स्वतः करायला गेल्या आणि पडल्या, तर तुम्हीच उद्या मला जाब विचाराल.” हे कुणालाही लागू आहे. नातेवाइकांना शंभर टक्के सुरक्षितता हवी असते आणि ती देण्याचा एकच उपाय संस्थेला माहीत असतो : माणसाला बसवून ठेवणं.

पहिला प्रश्न वेळापत्रकाचा होता, आणि तो माझ्या धंद्यातला आहे. एक काम संपल्यावरच दुसरं सुरू करायचं, ही अट काढून टाकली. मावशी आजींना आंघोळीनंतर हातांच्या खुर्चीत बसवते, ब्लाउज हातात देते आणि त्याच खोलीला लागून असलेल्या न्हाणीघरात पुढचीला नेते. आजींना हुकं लावायला सात मिनिटं लागोत की दहा, मावशीचं घड्याळ थांबत नाही. शिवाय दोघींनी सांगितलं की आम्हाला पहाटे आंघोळ नकोच आहे, अकराला चालेल. त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. नऊपैकी चौघींसाठी ही पद्धत बसली. उरलेल्या पाचजणींत तिघींना स्मृतिभ्रंश आहे, त्यांना शेजारी माणूस लागतोच. दोघी म्हणाल्या, “नको गं, मावशीच घालू देत.” तेही मान्य.

दुसरा प्रश्न जबाबदारीचा. त्यावर बहिणींनी, भावाने आणि मी मिळून कागदावर लिहून दिलं की आत्या अमुक अमुक गोष्टी स्वतः करेल, त्यात पडण्याचा धोका आहे हे आम्हाला माहीत आहे, आणि तिलाही. पहिली सही आत्याची. घरात यावरून वाद झाला. धाकटी बहीण म्हणाली, “पुन्हा पडली तर?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. पण आत्याने फोनवर तिला सांगितलं, “पडले तर मी पडेन. तू कशाला रडतेस?”

पुढे काय झालं? चमत्कार झाला नाही. वॉकर आहे तसाच आहे. पुढची हुकं असलेले ब्लाउज आम्ही शिवून घेतले. पाच-सहा आठवड्यांनी हुकं पुन्हा जमू लागली, थंडीत अजून अडतात. ट्रंकेची किल्ली गळ्यात आली. सुईचा प्रश्न अवघड होता. सुई हरवली आणि कुणाच्या पायात गेली तर काय? शेवटी ठरलं की दुपारी चार ते पाच हॉलमध्ये, मोजून सुया द्यायच्या आणि मोजून परत घ्यायच्या. सुई मावशी ओवून देते. आत्या सगळ्यांची बटणं लावते, उसवलेलं शिवते आणि मूळ शिंप्याला नावं ठेवते. एका काकूंनी वाती वळायला घेतल्या, एकीने लसूण सोलायला. स्वयंपाकघरातला लसूण आता तिथूनच येतो. एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत, ते मात्र म्हणाले, “चाळीस वर्षं शिक्के मारले. आता मी फक्त बघणार.” त्यांची खुर्ची शेजारीच असते. त्यांना तिथे बसून टीका करायची असते. मला विचाराल तर तोही सहभागच आहे, कारण तो त्यांनी निवडलाय.

दिवे अजूनही साडेआठलाच जातात. त्या खोलीत तिघी आहेत आणि दोघींना लवकर झोपायचं असतं. सातपैकी चार उत्तरं बदलली, तीन तशीच आहेत.

आता तुम्हाला वाटत असेल, आमचे आईबाबा तर घरीच आहेत. तर जरा घरात डोकावा. अतुल गावंडे या अमेरिकेतल्या शल्यचिकित्सकांनी ‘बीइंग मॉर्टल’ या २०१४ सालच्या पुस्तकात आपल्या आजोबांबद्दल लिहिलंय. हे घराणं मूळचं यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडजवळच्या उटी गावचं. आजोबा जवळजवळ ११० वर्षं जगले आणि म्हातारपणीही घोड्यावरून शेताला फेरी मारत. मदत लागायची, पण ती त्यांच्या फेरीसाठी असायची. आपल्या फ्लॅटमध्ये काय होतं? “आई, तू बस, गॅसजवळ येऊ नकोस.” “बाबा, बँकेचं मी ऑनलाइन केलंय.” “भाजी? अहो, दहा मिनिटांत येते घरी.” प्रत्येक वाक्यात माया आहे, आणि प्रत्येक वाक्याने एक काम कमी होतं. मग आपण म्हणतो, बाबा हल्ली फार टीव्ही बघतात.

आपल्या देशात २०११च्या जनगणनेत साठीच्या पुढचे दहा कोटींहून अधिक लोक होते. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी निदान एक आश्रम असावा, त्यात किमान १५० जणांची सोय असावी, अशी तरतूद आहे. अडचणीत असलेल्या ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे, हा नंबर आत्ताच फोनमध्ये घालून ठेवा. इमारती उभ्या राहतील, राहायलाच हव्यात. त्यांच्या आत दिवस कसा जाईल हे मात्र आपल्यासारख्या भेटायला जाणाऱ्यांच्या प्रश्नांवरही ठरणार आहे. आपण फक्त “जेवण बरं असतं ना?” एवढंच विचारलं, तर जेवण तेवढं बरं होईल.

म्हणून तीन प्रश्न देते. कुणासाठी जागा बघायला गेलात की विचारा : आंघोळीची वेळ कोण ठरवतं? इथे राहणाऱ्यांपैकी कुणाकडे कुठलं काम आहे? आणि एका मावशीकडे किती माणसं आहेत? तिसरा प्रश्न विसरू नका. मावशीला पगार पुरत नसेल, झोप मिळत नसेल, तर आपल्या आईची हुकं ती भराभर लावणारच, आणि त्यात तिचा दोष नसेल.

शेवटची एक सूचना, आणि ती आजच ठरवायची आहे. आपल्या ग्रुपवर प्रस्ताव आलाय की बॅचतर्फे गावातल्या वृद्धाश्रमाला ६५ इंची टीव्ही द्यावा. ज्याने मांडला त्याचा हेतू चांगला आहे, आणि वर्गणीही जमली आहे. माझी विनंती आहे की तेवढ्याच पैशात आपण तिथे न्हाणीघराशेजारी ठेवायला हातांच्या भक्कम खुर्च्या देऊ, भिंतीला धरायच्या दांड्या लावून देऊ, प्रत्येकाला आपली किल्ली असेल असं खणांचं कपाट देऊ, आणि बसून पाणी घालता येईल एवढ्या उंचीच्या कट्ट्यावर कुंड्या मांडून देऊ. आणि कार्यक्रम करायला जाण्याआधी एकदा सगळ्यांनी जाऊन तिथल्या प्रत्येकाला विचारू, की तुम्हाला काय करायला आवडेल. लिहून घ्यायला मी येते. उत्तर क्रमांक पाच किती जणांचं येतं ते मोजू, आणि पुढच्या मेळाव्यात त्यातली किती बदलली ते याच व्यासपीठावरून सांगू.

सर, बाई, तुम्ही आम्हाला पाळीपाळीने कामं वाटून दिलीत, त्याबद्दल आज मनापासून आभार मानते.